काळमेघबाईंचा देश

"घे वं, मे आनला."

कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवत काळमेघबाई असं म्हणायच्या. कधी मे आणलेला असे, कधी ऑगस्ट, कधी डिसेंबर. घरी येताना कोपऱ्यावरून भेंडी आणली, असं सांगावं त्या सुरात. पिशवीतून एकच कागद निघे. नुकत्याच संपलेल्या महिन्यात आपल्या देशात हवा कशी वागली, याचा त्यावर वृत्तान्त असे. लडाखमध्ये बर्फ किती पडला, आसामात नद्या कुठे फुगल्या, कोकणात पाऊस सरासरीच्या मागे का राहिला, विदर्भात रात्री किती तापल्या, सगळं काही.

अमरावतीच्या एका लहान दैनिकात मी उपसंपादक आहे. माझं गाव पातूर. शिकायला म्हणून अमरावतीला आले ती इथलीच झाले. रविवारची पुरवणी माझ्याकडे असते, आणि बाई पहिल्यांदा आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून आल्या तेव्हाही माझ्याकडेच होती. उंच, काटक बाई, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, पायात पुरुषी चपला. त्यांनी कागद सरळ संपादकांच्या पुढ्यात ठेवला. संपादकांनी तो वर-खाली पाहिला.

"बाई, हे तर मागच्या महिन्याचं आहे."

"मंग?"

"नाही, म्हणजे लोकांना पुढचं हवं असतं. पाऊस कधी येणार, थंडी कधी पडणार..."

"पुढचं सांगनारे गल्लोगल्ली बसले हायेत," बाई म्हणाल्या. "झालेलं कोन नीट सांगून राह्यलं?"

त्या आठवड्यात एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाल्याने पुरवणीत एक कोपरा मोकळा पडला होता. 'गेल्या महिन्यातला देश' त्या कोपऱ्यात छापला गेला आणि पुढे अनेक वर्षं तो कोपरा बाईंचाच राहिला.

बाईंची सगळी नोकरी पुण्यात, सरकारी हवामानखात्यात गेली होती. देशभरातून आलेल्या नोंदी गोळा करायच्या, ताडून पाहायच्या आणि महिन्याचा गोषवारा लिहायचा, हे त्यांच्या विभागाचं काम. निवृत्त झाल्यावर त्या अमरावतीला परत आल्या, ते बोलणं जसंच्या तसं घेऊन. पुण्यातल्या इतक्या वर्षांनी त्यांच्या वऱ्हाडीला साधा ओरखडाही काढलेला नव्हता. "मी शेजारी साखर मागाले गेली तर त्यायले वाटे भांडाले आली," असं त्या सांगत. "मंग ते घाबरून दोन वाट्या देत. मी कावून बदलू?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एक स्थळ आलं होतं. पन नोंदी अपुऱ्या होत्या."

निवृत्त झाल्यावर हे कशाला करता, असंही मी विचारलं होतं. आकडे तर आता घरबसल्या संगणकावर सापडतात. बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आकडे भेटतात. पन महिना कसा गेला, ते मानूसच सांगते."

म्हणून दर महिनाअखेर बाईंचे फोन सुरू होत. नोकरीच्या काळात देशभरातल्या वेधशाळांमधल्या माणसांशी त्यांची ओळख झाली होती, आवाजापुरती. यांतल्या एकालाही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आता तेही सगळे निवृत्त होऊन घरी बसले होते. सिल्चरचे एक दत्तबाबू, मच्छलीपट्टणमचे एक रावगारू, आणि बाडमेरकडचे भंवरलालजी. भंवरलालजींशी बोलणं सगळ्यांत लांबे. बाईंचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच टोपी घातलेली.

"हां भंवरलालजी, बोलो. अप्रैल कैसा गया तुमारा?"

पलीकडून काहीतरी लांबलचक येई.

"आंधी कितने बार आयी? याद नहीं? अरे, आंगन में बैठे रहते ना तुम दिनभर, गिनने कू क्या होता है?"

पलीकडून मोठं हसू ऐकू येई. मग बाईही हसत. फोनवर बोलताना त्या हसायच्या, समोरासमोर फारसं नाही.

इतक्यांचं इतकं ऐकून घेतल्यावर त्या सगळ्याला चाळण लावत. त्यांचा नियम एकच होता, देश एका पानात बसला पाहिजे. "लिहाले काय, कोनीबी लिहीन. गाळता आलं पायजे." त्यांनी गाळलेलं पाहून मला हळहळ वाटे. दत्तबाबूंच्या गल्लीतून होडी गेली, हे त्या पानात नसायचं. 'आसाम व मेघालयात बहुतांश ठिकाणी सरासरीपेक्षा अधिक' एवढंच असायचं.

एकदा मला राहवलं नाही. कोरडं फार वाटतं म्हणून मी त्यांच्या मजकुरात माझ्याकडून दोन शब्द घातले. 'वरुणराजाची कृपा झाली' असं काहीतरी. रविवारी अंक निघाला आणि सोमवारी बाई हजर.

"हा वरुणराजा कोन?"

"अहो बाई, म्हणजे पाऊस. बोलण्याची पद्धत असते."

"त्याची नोंद कुठं हाय? कोनत्या केंद्रावर दिसला?"

सगळं कार्यालय कान देऊन ऐकत होतं. "आन कृपा कावून? त्याच पावसानं तिकडं बिहारात लोकायचे घरं गेले. त्यायच्यावर काय केलं मंग त्यानं? कोप?" मी मान खाली घातली. तेव्हापासून आमच्या कार्यालयात कुणी 'हाहाकार' किंवा 'थैमान' लिहिलं की कुणीतरी हळूच विचारी, "कोनत्या केंद्रावर?"

सरासरी हे बाईंचं दैवत होतं. मला ती कल्पना कधी नीट कळत नसे, म्हणून त्यांनी एकदा समजावून सांगितली. "सरासरी म्हंजे सासू. तिच्यासारखं कोनीच वागत नाई, पन मोजाचं तिच्याशीच." माझी सासू तेव्हा आमच्याकडेच राहायला होती, त्यामुळे लगेच कळली.

या सवयीने बाई माणसांचाही गोषवारा काढत. "मांगच्या महिन्यात तू सरासरीपेक्षा चिडचिडी होती. आखरीच्या आठवड्यात निवळली. नवरा गावाले गेलता का?" आणि खरोखरच गेलेला असे. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. परतताना ऑटोत मी म्हटलं, छान झालं नाही लग्न? बाईंनी थोडा विचार केला. "लग्न साधारन सरासरीएवढं. गर्दी सर्वदूर. जिलबी तुरळक ठिकानी." ऑटोवाल्याने आरशातून मागे पाहिलं. "बाई, आमच्या भावाच्या लग्नातबी तसंच झालतं," तो म्हणाला.

आता देशाच्या हवेचा एवढा अभ्यास असलेल्या बाईंना उद्याचं काहीच कळत नसे, हेही सांगायला हवं. त्या छत्री नेत नसत आणि हमखास भिजत. दर उन्हाळ्यात त्या आपल्या गच्चीवर कुरोड्या आणि शेवयांसारखे सरगुंडे वाळत घालत, आणि दर उन्हाळ्यात त्यावर वळवाचा पाऊस पडे. हळूहळू त्यांच्या गल्लीतल्या बायकांच्या हे लक्षात आलं. बाई पातेलं घेऊन गच्चीवर निघाल्या की आजूबाजूच्या गच्च्यांवरची वाळवणं पटापट आत जात. बाईंनाही ते माहीत होतं. "गल्लीची सोय होते ना," असं म्हणून त्या भिजलेले सरगुंडे निथळत बसत.

पण एका बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. त्यांच्या पानाच्या शेवटी दर महिन्याला दोन-तीन ओळी असत. अमुक जिल्ह्यात वीज पडून शेतात काम करणाऱ्या दोघी बायका गेल्या, तमुक गावात दरड कोसळून एक घर गेलं, असं. एकदा जागा कमी होती. मी म्हटलं, बाई, या ओळी काढू का, तसंही महिना एकूण सरासरीएवढाच होता.

"सरासरीएवढा महिना होता असं लिहिलं ना," त्या मग म्हणाल्या, "का ज्याचं घर गेलं त्याले वाटते, आपल्याले मोजलंच नाई. वरचं काहीबी काढ. ते ठेव."

मी मथळा लहान केला आणि त्या ओळी ठेवल्या.

बाईंना एकच भाऊ होता, त्यांच्याहून बराच लहान, अकोल्यात राहणारा. दिगांबरभाऊ. त्यांना लहानपणापासून बाईंनीच सांभाळलं होतं आणि ते त्यांना 'बाई'च म्हणत. अकोल्यात भर रस्त्यावर त्यांचं कूलरचं दुकान. काळमेघ आडनावाच्या माणसाने उन्हाच्या जोरावर जगावं, याची अकोल्याला गंमत वाटत असे, आणि सगळ्यांत जास्त खुद्द दिगांबरभाऊंना. अकोल्याच्या उन्हाचा त्यांना जो अभिमान होता, तसा मी कुणाला स्वतःच्या मुलांचाही पाहिलेला नाही. बाहेरगावचा माणूस घाम पुसत दुकानात आला की ते खूश होत. "इथं उनाळा पाह्याचा असते साहेब. नागपूर-गिगपूर कायचं."

त्यांनी दुकानावर एक मोठी पाटी बसवली होती, लाल दिव्यांच्या आकड्यांत तापमान दाखवणारी. पाटी पत्र्याला टेकलेली, दिवसभर उन्हात. दुपारी तिच्यावरचे आकडे असे काही चढत की लोक थांबून मोबाइलवर फोटो काढत.

एका मे महिन्यात आमच्या दैनिकाच्या अकोला आवृत्तीने त्या पाटीचा फोटो पहिल्या पानावर छापला. 'अकोला देशात पहिलं!' असा मथळा. दिगांबरभाऊंनी तो अंक दुकानात चौकटीत लावला, पेढे वाटले. अमरावतीला बाईंना फोन करून सांगितलंही. बाई म्हणाल्या, "पाह्यते."

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांचा मे छापून आला. देशातलं सर्वाधिक तापमान राजस्थानात, बाडमेरच्या बाजूला नोंदलं गेलं, असं त्यात होतं. अकोला त्याच्या खाली होतं. आणि शेवटी एक वाक्य होतं, 'दुकानांवरील पाट्यांवर दिसणारे आकडे या गोषवाऱ्यात धरलेले नाहीत.'

बाईंनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण अख्ख्या अकोल्याला पाटी कोणती हे माहीत होतं. दुकानात येणारा प्रत्येक जण चौकटीतल्या अंकाकडे पाहून हसू लागला. दिगांबरभाऊंनी बाईंना नव्हे, मला फोन केला.

"ताई, तुमच्या पेपरात आमची बेइज्जती छापून आली. बाईले सांगजा, भावापेक्षा तिले तो राजस्थानवाला जवळचा झाला."

मी निरोप दिला. "उनात टांगलेली पाटी स्वतःचं तापमान सांगते," बाई म्हणाल्या. "गावाचं नाई. लहान होता तवापासून सांगून राह्यली त्याले, सावलीत मोज." मी म्हटलं, बाई, हे वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं. तुमचाच तर नियम आहे ना, गाळता आलं पाहिजे.

"खोटं गाळत नसतात," बाई म्हणाल्या. "खोटं खोडतात."

त्या वर्षी राखीला दिगांबरभाऊ आले नाहीत. दिवाळीलाही नाहीत. बाईंनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त महिनाअखेरच्या त्यांच्या फोनांत फरक पडला. अकोल्याचे आकडे त्या संगणकावरून घेत, आणि पूर्वी तिथे हमखास होणारा एक फोन होत नसे. त्या हिवाळ्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, "अकोल्याले गेलती का? बाजारात कोनी दिसलं का?" मी अकोल्याला गेलेले नसे. तरी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी 'हो, दिसले, बरे आहेत' असं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही उलटतपासणी न करता मान हलवली.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी बाई कार्यालयात आल्या. महिना संपायला अवकाश होता, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं. हातात पिशवी नव्हती.

"दिगू दवाखान्यात हाय," त्या म्हणाल्या. "तू येते का संग?"

झालं होतं असं की दिगांबरभाऊंना बहिणीचं म्हणणं मनात लागून राहिलं होतं. पाटीचं चालत नाही ना, मग त्यांनी बाजारातून काचेचा थर्मामीटर आणला आणि ऐन दुपारी, भर रस्त्यात, डोक्यावर रुमालही न घेता तो हातात धरून उभे राहिले. रोज. बाईने चूक कबूल करेपर्यंत रोज, असं त्यांनी आपल्या सुनेला सांगितलं होतं. काल दुपारी ते तिथेच कोसळले. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं आणि रात्रभर धोका आहे म्हणाले. सून बिचारी सकाळपर्यंत कुणाला कळवावं या घोरात होती.

आम्ही अकोल्याची एसटी पकडली. बाई खिडकीशी बसल्या. बडनेरा मागे पडलं. बाहेर काळी रानं उन्हात उघडी पडली होती आणि रस्त्याच्या कडेचे निंब तेवढे हिरवे होते. मूर्तिजापूरला एक म्हातारे शेतकरी चढले आणि आमच्या मागच्या सीटवर बसले. रविवारच्या पुरवणीत बाईंचा लहानसा फोटो येई, त्यावरून त्यांनी ओळखलं.

"बाई, तुमी हवामानवाल्या ना? यंदा पाऊस कसा हाय मंग?"

हा प्रश्न बाईंना कुणी विचारला की काय होतं, हे मी कितीदा पाहिलं होतं. 'मले काय इचारता, मांगचं इचारा,' असं म्हणून त्या माणसाला गार करत. मी सावरून बसले. बाईंनी मान वळवून त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"होईन बाप्पा," त्या म्हणाल्या. "चांगला होईन."

बाईंनी माझ्यादेखत वर्तवलेला तो एकमेव अंदाज. त्या किती घाबरल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

दवाखान्यात दिगांबरभाऊंच्या अंगावर ओली चादर होती, सलाइन लावलेलं होतं. पहाटे ताप उतरू लागला होता आणि डॉक्टर आता निभावलं म्हणत होते. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. एवढे आडदांड दिगांबरभाऊ ओल्या चादरीत अगदी लहान दिसत होते. बाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला तसे त्यांनी डोळे उघडले. बहिणीला पाहिलं, आणि कोरड्या ओठांनी पहिला शब्द काढला तो हा,

"बाई... किती भरलं होतं वं?"

"तुया थर्मामीटर फुटला," बाई म्हणाल्या. "पन तुयं तापमान सांगतलं मले डॉक्टरनं. अख्ख्या देशात तूच पयला."

दिगांबरभाऊ हसले. हसताना त्यांना ठसका लागला. सुनेने पाणी पाजलं. बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर काहीतरी पाहण्यासारखं असल्यागत बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पदराचं टोक डोळ्यांना लावून परत आल्या तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता उनात गेला तर पाय मोडीन तुये."

भावाला बरं वाटेपर्यंत म्हणून राहिलेल्या बाई मग अकोल्याच्याच झाल्या. अमरावतीची खोली त्यांनी सोडली. गल्लीतल्या बायकांना फार वाईट वाटलं, वाळवणाची सोय गेली. महिना आता मला मोबाइलवर येऊ लागला, कागदाचा फोटो काढून, बहुधा तिरका. दुकानावरची लाल पाटी त्यांनी काढायला लावली नाही. "राहू दे, त्याचा जीव हाय तिच्यात." पण तिच्याखाली एक लहान फळी ठोकून घेतली. फळीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'हे या पाटीचे तापमान आहे.' लोक आता पाटी आणि फळी दोन्हींचा मिळून फोटो काढू लागले.

दिगांबरभाऊंच्या मनातून मात्र तो राजस्थानवाला गेला नव्हता. "एक डाव पाह्यलंच पायजे, कसं गाव हाय ते." भंवरलालजी तर बाईंना कितीतरी वर्षं बोलावत होते. डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केलेली, म्हणून दोघं भावंडं जानेवारीत गेली.

परत आल्यावर मी भेटायला गेले तेव्हा दिगांबरभाऊ सर्दीने बेजार होते. वाळवंटातली जानेवारीतली थंडी त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. "ताई, फसवलं मले!" ते नाक पुसत म्हणाले. "म्हने देशात सगळ्यात गरम गाव. मी दोन रजया घेऊन चुलीजवळ बसलो होतो. सकाळी बकेटीतलं पानी हातात धरवत नोतं!"

"मी सांगतलं होतं त्याले," बाई शांतपणे म्हणाल्या. "पन त्याले सरासरी कळत नाई."

"आन ह्या दोघायचं पाहा," दिगांबरभाऊंची तक्रार चालूच. "भंवरलालजी आन बाई. जिंदगीत पयल्यांदा भेटले. मले वाटलं, काही बोलतीन, घरचं-दारचं. कायचं! अंगनात बाज टाकून बसले आन दिवसभर वादळं मोजून राह्यले. ते म्हनत, उस साल की आंधी याद है? बाई म्हने, हां, तुमने एक दिन देर से भेजी थी रिपोर्ट. आन हसत. चार दिवस तेच." मग आवाज उतरवून मला म्हणाले, "बाई एवढी बोलते हे मले मालूमच नोतं वो."

मी बाईंना विचारलं, कसा झाला प्रवास? "समाधानकारक," बाई म्हणाल्या. "दिगूची कुरकुर सर्वदूर. बाकी स्वच्छ."

त्यानंतरचं एक वर्ष त्यांना मिळालं. गेल्या फेब्रुवारीत त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला. मी गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. जानेवारीचा कागद अर्धाच झाला होता. तो मी पुरा करून छापावा असं त्या म्हणाल्या. काय घालायचं, काय गाळायचं, ते थांबत थांबत सांगितलं. नंतर डोळे मिटून पडल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "मायाबद्दल लिहिशीन तू. मले मालूम हाय. एका पानात बसव." मी हो म्हटलं. ते काही मला जमलेलं नाही, हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे.

आठवड्याभरात बाई गेल्या. त्यांच्या फोनमधल्या माणसांना मी एकेक करून कळवलं. दत्तबाबू फोनवर रडले. रावगारूंना माझं हिंदी कळेना आणि मला त्यांचं, पण 'मॅडम' एवढा शब्द ऐकून त्यांना कळलं. भंवरलालजी एवढंच म्हणाले, "मैं आऊँगा."

त्यांना यायला मे उजाडला. आदल्या दिवशी दिगांबरभाऊंचा मला फोन आला. "ताई, ते राजस्थानवाले येऊन राह्यले. तुमी या. मले हिंदीत रडता येत नाई."

मी सकाळच्या गाडीने गेले. भंवरलालजी म्हणजे पांढऱ्या मिशांचा, डोक्याला फेटा बांधलेला कृश म्हातारा माणूस. स्टेशनावरून ऑटोने घरी येईपर्यंत अकरा वाजून गेले होते आणि रस्ता पांढरा दिसत होता. बाईंच्या फोटोपुढे ते हात जोडून उभे राहिले. मग ओसरीवर येऊन बसले. सुनेने माठातलं पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं दिलं. कोपऱ्यात कूलर चालू होता. दिगांबरभाऊ समोर बसले होते. मी मध्ये एक-दोन वाक्यं बोलून पाहिली, प्रवास कसा झाला वगैरे, पण ती तिथेच विरली. दोघांचीही बोलायची सवय ज्या माणसामार्फत होती, ते माणूस नव्हतं.

भंवरलालजींनी गळ्यावरचा घाम पुसला. अंगणातल्या उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग दिगांबरभाऊंकडे वळून, जपून ठेवलेली वस्तू हातात द्यावी तसं हळू म्हणाले,

"भाईसाहब, सच कहूँ? गर्मी तो आपके अकोला में ही ज़्यादा है."

हे वाक्य ऐकण्यासाठी दिगांबरभाऊ भर दुपारी रस्त्यात उभे राहिले होते, जिवावर बेतेपर्यंत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले,

"नहीं जी. तुमारे यहाँ ज्यादा है. हमारी बाई ने मोज के लिखा है."